रुक्मिणी नावाच्या दोघी

त्या वर्षांत माझ्याइतकं हुशार माणूस सगळ्या सातारा जिल्ह्यात नव्हतं, आणि सांगली संस्थान जमेला धरलं तरी नव्हतं. हे माझं स्वतःचं मत होतं आणि ते मी कधी कुणापासून लपवलं नाही. वय तेरा. दोन वेण्या, पुढचा एक दात किडलेला, आणि आमच्या भावकीतली इंग्रजी शाळेत जाणारी पहिली मुलगी. आज ती शेवंता मला रस्त्यात भेटली तर मी तिचा कान धरीन. पण ती भेटत नाही, आणि भेटली तरी तिच्यामागे धावणं माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही.

शिकायला म्हणून मला गावाहून सांगलीला काकांकडे ठेवलं होतं. वडील गावी ऊस आणि गुऱ्हाळ बघत. त्यांचे धाकटे भाऊ ते हे काका. घराण्यातले पहिले बी.ए., सांगलीच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. बिऱ्हाड दोन खोल्यांचं, हळदीच्या एका वखारीच्या माडीवर. खाली दिवसभर हळद ओतायची, चाळायची, पोत्यांत भरायची. हमालांच्या आरोळ्या आणि तराजूच्या साखळ्यांचा खळखळाट आमच्या जेवणाखालून चालू असे. पिवळी धूळ जिना चढून वर येई आणि जिथं जागा मिळेल तिथं बसे. काकूनं पांढरा भात वाढला तरी तो फोडणी दिल्यासारखा दिसे. काकांची धोतरं दोरीवर वाळली की हळद लागलेल्या नवरदेवाची वाटत. काकू म्हणायची, "ह्या घरात रोज कुनाचं तरी लगीन हाय, आनि जेवायला मातर चटनी-भाकरी." चटणी शेंगदाण्याची, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. सोबत गावाहून डब्यातून आलेली काकवी. ती मी बोटानं चाटायची आणि बोट वहीला पुसायची, म्हणून माझ्या सगळ्या वह्यांना मुंग्या लागलेल्या असत.

काकांची एक वही मात्र मुंग्यांपासूनही आणि माझ्यापासूनही जपलेली होती. त्यांना अमेरिकेला जायचं होतं. पुण्यातले त्यांचे प्राध्यापक तिकडून काही निबंध घेऊन आले होते आणि काकांनी सबंध सुट्टी घालवून ते हातानं उतरवून घेतले होते. मग जर्मनीशी लढाई सुरू झाली, बोटी बंद झाल्या, आणि काका सांगलीत पोरांना त्रैराशिक शिकवू लागले. काळ्या पुठ्ठ्याची वही तेवढी राहिली. तिच्यात पानोपानी एक ग्रीक अक्षर होतं, काठी टेकून वाकलेल्या म्हाताऱ्यासारखं. त्याचं नाव लॅम्डा. ह्या वहीतलं बोललेलं कळेल असं माणूस सांगलीत नव्हतं. काका एकदा शाळेतल्या एका शिक्षकांना सांगायला गेले, तर त्यांनी विचारलं, "परीक्षेला आहे का?" त्या दिवसापासून काका मला सांगू लागले, कारण मी मान छान हलवायची. कळो न कळो, योग्य जागी मान हलवण्यात मी फार तरबेज होते. पुढं संसारात ते मला गणितापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

सांगायचे ते असं. "शेवे, पंगत मांडलीय असं समज. एक पाट रिकामा आहे. कोण बसणार ते ठरलेलं नाही. पण बसेल त्याला काय करायचं ते ठरलंय: त्याच्या भाकरीत तीन भाकऱ्या आणखी घालायच्या. ह्या रिकाम्या पाटाला आपण क्ष म्हणू. लॅम्डा म्हणजे नुसतं एवढंच सांगणं, की बाबांनो, हा क्ष म्हणजे रिकामा पाट आहे, माणूस नव्हे. आता चार भाकऱ्यांवाला येऊन बसला, की क्ष पुसायचा, चार लिहायचे. झाले सात." गणितातली प्रत्येक क्रिया अशी रिकाम्या पाटाची मांडणी म्हणून लिहिता येते, असं ते म्हणायचे. आकडेसुद्धा. तीन म्हणजे कुठलीही एक गोष्ट तीनदा करणं, बाकी तीन नावाची वस्तू जगात नाही. काकू परातीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "मग आज तीन भाकऱ्या तुमीच करा. म्हंजे मला तीन कळंल."

"हे निबंध लिहिणाऱ्या लोकांना सगळं गणित ह्याच्यावर उभं करायचं होतं," काका एकदा म्हणाले. "नाही झालं. पाया खचला, आतून विसंगती निघाली. मग खचलेलं सोडून दिलं आणि एवढाच तुकडा ठेवला. आणि ह्या तुकड्यातून काय निघालं ठाऊक आहे? दोन मांडण्या मुळात एकच आहेत की वेगळ्या, हे दर वेळी खात्रीनं ठरवून देईल अशी रीतच असू शकत नाही." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे, जणू लॉटरी लागली. काकू म्हणाली, "जमत न्हाई हे सांगायला एवढी पानं लागली? मी एका वळीत सांगितलं असतं." मी मान हलवली. नेमकी कुणाच्या बाजूनं, ते आता आठवत नाही.

माझी नात पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. मध्ये एकदा तिच्या पडद्यावर मला तो शब्द दिसला. म्हटलं, "अगं, हा लॅम्डा इथं काय करतोय?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चुलीवरच्या भगुण्यातून रेडिओ काढला. म्हणाली, "आजी, आम्ही रोज वापरतो हे. ज्याला नाव द्यायची गरज नाही अशी छोटी क्रिया." मी तिला रिकाम्या पाटाची गोष्ट सांगितली, तर ती खुर्चीवरून उठून माझ्या पायाशीच बसली. काकांच्या वेळी असं यंत्र आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते सगळं कागदावर, पेन्सिलीनं, एक एक अक्षर पुसून करायचे. नात म्हणाली, नावांची टक्कर होण्याचा धोका होता ना, तो आता भाषा आपोआप टाळते. आतल्या आत वेगळं नाव देते, आपल्याला कळतसुद्धा नाही. मी "हो का" म्हटलं आणि चहा ठेवायला उठले. टक्कर काय असते, ते मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. इथं सांगते.

काकांचा नियम असा होता. रिकाम्या पाटाला क्ष म्हणा, नाहीतर म म्हणा, बसणाऱ्याला फरक पडत नाही. नाव बदललं तरी मांडणी तीच. एवढं मला लगेच कळलं आणि आवडलं. नियमाचा दुसरा अर्धा भाग काका बोट वर करून सांगायचे: "पण त्या पंगतीत म नावाचा खराखुरा माणूस आधीच बसलेला असेल, तर रिकाम्या पाटाला म म्हणायचं नाही. मग 'म ला वाढ' म्हटलं की काकू कुणाला वाढणार? नवं नाव देण्याआधी घरात कोण राहतं ते बघ." मी मान हलवली. दुसऱ्या अर्ध्या भागाला मी नेहमी नुसतीच मान हलवायची.

त्याच वर्षी माझी थोरली बहीण सोना हिचं लग्न ठरलं. मुलगा आटपाडीच्या अलीकडच्या एका गावचा, किसन मोरे, पलटणीत शिपाई. किसनाची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला त्याच्या चुलतीनं वाढवलं, स्वतःच्या पोराबरोबर, केरबाबरोबर, एका ताटात. ती लवकर विधवा झालेली. सगळं घर तिला थोरल्या बाई म्हणे. दोन्ही पोरं एकाच दिवशी भरती झाली होती, एकाच रांगेत एकामागे एक उभी राहून. किसन आठ दिवसांच्या रजेवर आला होता, केरबाला रजा मिळाली नव्हती. लग्न आमच्या गावी लागलं. थोरल्या बाई आल्या नाहीत. विधवेनं मांडवात येऊ नये म्हणून त्या तिकडे गावीच घर राखत राहिल्या. ज्या बाईनं पोर वाढवलं ती शेरडं सांभाळत बसली, आणि आम्ही लाडू खात होतो. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर हुशार होते.

मग तांदळाचं ताट आलं. आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात. नवरा अंगठीनं तांदळात नवं नाव लिहितो आणि जुनं माहेरी राहतं. सोना आदल्या दिवसापासून त्याच गोष्टीसाठी रडत होती. "मी सोनाच बरी हाय गं." मी तिला ऐटीत समजावलं होतं, की नाव बदललं तरी मांडणी तीच राहते, लॅम्डाचा नियम आहे. तिनं नाक पुसत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या लॅम्डाला लाव आग." किसनानं अंगठी हातात घेतली, लाजत इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "काय लिवू?" कुणी बोलायच्या आत मी ओरडले, "किसनाची रुक्मिणी!" सगळे हसले, किसनाचा चेहरा फुलला, आणि रुक्मिणी लिहून झालीसुद्धा.

काका माझ्या कानाशी वाकले. "विचारलंस का, त्या घरात हे नाव आहे का कुणाचं?" मी म्हटलं, "विचारलं की. त्यांच्या पोरी नाही म्हणाल्या." खरं तर एकाच पोरीला विचारलं होतं, आणि तिचं लक्ष बुंदीकडं होतं.

थोरल्या बाईंचं नाव रुक्मिणी होतं. धाकट्यांनी ते कधी उच्चारायचं नाही, म्हणून त्या घरात ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. किसनालासुद्धा ठाऊक नव्हतं म्हटलं तर आज खोटं वाटेल, पण मला माझ्या स्वतःच्या आजीचं नाव तिच्या तेराव्याला कळलं. मांडवात एकाच माणसाला ठाऊक होतं, किसनाच्या वडिलांना. ते पुढंच बसले होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं, ते मी पाहिलं. पण ऐन मंगल कार्यात विधवेचं नाव काढायचं कसं? त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि खाली बघितलं. आणि रुक्मिणी नावाच्या दोघी एका घरात राहू लागल्या.

सुरुवातीला ते सगळं हसण्यासारखंच होतं. दोन्ही पोरं आघाडीवर गेली. आईचं नाव म्हणून केरबानं पलटणीत रुक्मिणी मोरे लिहून दिलं, बायकोचं नाव म्हणून किसनानं रुक्मिणी मोरे लिहून दिलं. किसनाचं पहिलं पत्र आलं ते टपालवाल्यानं बिनचूक थोरल्या बाईंच्या हातात ठेवलं, कारण त्याच्या लेखी त्या नावाची बाई तीच. शाळामास्तर ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचू लागले: "माझे लाडके, तुझ्या गालावरचा तीळ रोज आठवतो." थोरल्या बाईंनी गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मास्तर, केरबाला ऊन लागलं जनू. मला तीळ कुटं हाय?" आत पाटा-वरवंटा चालवणारी सोना पदरात तोंड घालून हसली की रडली, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. थोरल्या बाईंनी पत्र तिच्याकडे फेकलं, "घे गं धाकले रुक्मिने, तुज्या तिळाचा कागुद आलाय."

सोनाला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात तिला दवाखाना जवळ म्हणून आमच्याकडे सांगलीला आणलं. येताना तिनं किसनाची सगळी पत्रं एका बिस्किटांच्या डब्यात आणली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायचं काम माझं आणि उत्तर लिहायचंही माझं. उत्तरात मी माझ्याकडची भर घालायची. सोना म्हणायची, "लिही, मी बरी हाय." मी लिहायची, "तुमच्या विरहानं चंद्रसुद्धा पिवळा पडला आहे." पिवळा चंद्र नव्हता, आमचा कागद होता.

एका दुपारी काका शाळेत होते आणि काकू नदीवर. सोना भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. जिन्यावर पायताणांचा आवाज आला आणि दारात थोरल्या बाई उभ्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, काळ्या, खांद्यावर घोंगडी, चेहऱ्यावर कोळशाच्या मोटारीची काजळी; लढाईमुळं पेट्रोल मिळत नसे, गाड्या कोळशाच्या धुरावर चालत. विट्याला गाडी बदलून एकट्या आल्या होत्या. सोना उठायला लागली तर म्हणाल्या, "बस. पोटुशीनं उटू ने." पाणी प्यायल्या. गुळाचा खडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मग कमरेची पिशवी सोडली आणि एक तार काढून माझ्यासमोर धरली. "तू व्हय ती इंग्रजी शिकनारी?"

तार लष्कराची होती. रुक्मिणी मोरे, आणि गावाचं नाव. कळवण्यास दुःख होते की, शिपाई के. मोरे लढाईत कामी आला. आणि त्याचा पलटणीतला नंबर.

"पोष्टातला मास्तर म्हनला, के म्हंजे किसन बी आनि केरबा बी," त्या म्हणाल्या. "नंबर बगा म्हनला. केरबाचे कागुद मी देवापाशी ठिवल्यालं, वाळवीनं चाळन केली त्येंची. किसनाचे हिच्यापाशी हाईत. बग."

सोनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. काका पाचला यायचे होते. काकांची वाट बघ, असं मला कुणी म्हणालं नाही, आणि मला स्वतःलाही सुचलं नाही. मी डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, निघेना. सोनानंच ते दातानं काढलं. मी वरचंच पत्र घेतलं. मागे किसनाचा नंबर होता. तार डाव्या हातात, पत्र उजव्या हातात. पहिला आकडा सारखा. दुसरा सारखा. तिसरा सारखा. चौथाही. एकाच रांगेत उभे राहिलेले दोघं. तेवढ्यात मी देवाला जे म्हटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, दुसरा असू दे. दुसरा म्हणजे कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची आई हातभर अंतरावर गुळाचा खडा धरून बसली होती.

शेवटचा आकडा पत्रावर सहा. तारेत सात.

"सोने, आपला न्हाई!" मी ओरडले, उड्या मारल्या, तिच्या गळ्यात पडले. "आपला न्हाई गं, आपला न्हाई!"

खाली तराजूच्या साखळ्या वाजत होत्या. सोनानं मला दोन्ही हातांनी दूर ढकललं. तेव्हा मी वळून पाहिलं.

थोरल्या बाई जागच्या हलल्या नव्हत्या. "दोगंबी माज्याच मांडीवर वाडल्यात पोरी," त्या एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फिरून बग." मी पुन्हा बघितलं. सहा आणि सात. "फिरून." मी बघितलं. डब्यातलं दुसरं पत्र काढलं, तिसरं काढलं, सगळी जमिनीवर पसरली. प्रत्येकावर सहा. "सायबाची चूक आसंल. सायबं चुकत्यात. फिरून बग." मी किती वेळा बघितलं कुणास ठाऊक. शेवटी मला सहा सात काहीच दिसेना, नुसती शाई दिसत होती. मग काका आले. त्यांनी तार घेतली, पत्रं घेतली, चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन पाहिली. ज्या माणसाला दोन मांडण्या एकच की वेगळ्या ह्यावर तासभर बोलता यायचं, तो थोरल्या बाईंसमोर मांडी घालून बसला आणि पसरलेली पत्रं एकावर एक रचत राहिला. थोरल्या बाईंनीच त्यांना विचारलं, "तुमी पानी तरी प्यालासा का?"

संध्याकाळी काकूनं भाकरी वाढली. कुणी खाल्ली नाही, थोरल्या बाईंनी मात्र अर्धी खाल्ली. म्हणाल्या, सोना उपाशी राहील नाहीतर. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी सोनाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुजे कागुद तुलाच येतील बग. आता त्या घरात रुक्मिनीला कागुद धाडनारा येकच ऱ्हायला." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी त्यांना गाडीवर पोचवायला मी गेले. काका येत होते, त्या नको म्हणाल्या, "ही पोर येऊ दे." मला वाटलं आता मार बसणार, आणि मनातून मला तो हवाच होता. मोटारीचा माणूस मागच्या भट्टीत कोळसा घालून पंखा फिरवत होता. थोरल्या बाई एका दगडावर टेकल्या.

"तारंत त्येचं नाव काय लिवलंय?"

"के."

"निस्तं के?"

"हो. पहिलं अक्षर तेवढं लिहितात."

"मग कुनाला कळनार कोन ते?"

"नंबर असतो ना."

"नंबर सायबानं दिला. मी दिलं ते कुटं हाय?" त्यांनी तार माझ्या हातात दिली. "वाच. सगळी वाच. नाव घिऊन वाच."

मी वाचली. मराठीत, अगदी पहिल्यापासून, गावाच्या नावासकट, सावकाश. जिथं नुसता के होता तिथं केरबा म्हटलं. शिपाई केरबा मोरे, लढाईत कामी आला. त्या ऐकत होत्या, कान माझ्याकडे करून, डोळे मिटून. वाचून झाल्यावर त्यांनी तार घेतली, चार घड्या घातल्या आणि गाडीत चढल्या.